उभ्या गाडीचे वय

प्रथम एक कोडे घालू. १९७४ साली बनलेल्या, एकाच जातीच्या दोन इटालियन स्पोर्ट्‌स मोटारी विकायला आहेत असे समजा. पहिली दोन लाख किलोमीटर चाललेली आहे. तिच्या मालकाने दर वर्षी केलेल्या कामांची वही जपून ठेवली आहे. दुसरी अवघी तीस हजार किलोमीटर चालली असून गेली वीस वर्षे एका बंद गॅरेजमध्ये कापडाखाली उभी आहे. दोघींची किंमत सारखीच. कोणती घ्यावी?

हा प्रश्न वर्गात विचारला तर बहुतेक मुले दुसरी गाडी निवडतील. यंत्र वापरले की झिजते, म्हणून कमी वापरलेले यंत्र अधिक चांगले, हा तर्क सरळ आहे. पण अशा गाड्या वर्षानुवर्षे सांभाळणारी माणसे बहुधा पहिलीच निवडतात. त्यांचे कुठे चुकते, की आपले? याचे उत्तर शोधताना आठवीपासून बारावीपर्यंतच्या पाठ्यपुस्तकांतले बरेच रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र आपल्या उपयोगी पडणार आहे.

कोणती ही गाडी?

उदाहरण म्हणून आपण अल्फा रोमिओ कंपनीची 'स्पायडर' घेऊ. ही कंपनी १९१० साली मिलान शहरात सुरू झाली. स्पायडर म्हणजे दोन माणसांची, कापडी टपाची उघडी गाडी. मार्च १९६६ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात ती प्रथम लोकांसमोर आली. तिच्या अंगाचा आकार आणि पत्र्याचे काम तुरिनजवळच्या पिनिनफारिना या कारखान्याचे. पुढच्याच वर्षी 'द ग्रॅज्युएट' या अमेरिकन चित्रपटात लाल स्पायडर दिसली आणि अमेरिकेत तिचे नाव झाले. किरकोळ फेरफार होत होत ती १९९३ पर्यंत बनत राहिली. एकंदर सव्वा लाखाच्या आसपास गाड्या बनल्या. त्यांतल्या बऱ्याच आजही युरोप-अमेरिकेत धावतात. म्हणूनच या गाडीच्या दुखण्यांची माहिती भरपूर जमा झाली आहे.

तिचे इंजिन १९५४ च्या 'जुलिएत्ता' या गाडीच्या इंजिनाच्या घराण्यातले. चार सिलिंडर, ॲल्युमिनियमचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचे हेड, आत बिडाचे स्लीव्ह आणि व्हॉल्व्ह उघडण्यासाठी डोक्यावर साखळीने फिरणारे दोन कॅमशाफ्ट. सुरुवातीचे इंजिन १५७० घन सेंटिमीटरचे होते. आपल्या कोड्यातल्या १९७४ च्या गाड्यांचे १९६२ घन सेंटिमीटरचे. पाच गिअर आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. त्या काळात सामान्य मोटारीत या गोष्टी क्वचितच दिसत.

झीज आणि जीर्णता

गाडीचे वय दोन रीतींनी मोजता येते : किलोमीटरमध्ये आणि वर्षांमध्ये. पिस्टनच्या रिंगा, बेअरिंगे, क्लचची तबकडी, गिअर हे भाग धावण्याने झिजतात. त्यांचे वय किलोमीटरवर ठरते. पत्रा, रबर, ब्रेक ऑइल, कूलंट, पेट्रोल हे मात्र गाडी चालो वा उभी राहो, हवेतला ऑक्सिजन आणि बाष्प यांच्या सान्निध्यात बदलतच असतात. त्यांचे वय वर्षांवर ठरते. पहिल्या प्रकाराला आपण झीज म्हणू आणि दुसऱ्याला जीर्णता.

झीज डॅशबोर्डवरच्या आकड्यात दिसते. जीर्णता कोणत्याच आकड्यात दिसत नाही. आणि पन्नास वर्षांच्या गाडीत माणसाच्या जिवाशी गाठ असते ती बहुधा या न दिसणाऱ्या जीर्णतेची. आता एकेक भाग घेऊन पाहू.

पत्रा : आतून बाहेर येणारा गंज

स्पायडरला ट्रकसारखी वेगळी चौकट नाही. पातळ पोलादी पत्र्याचे भाग एकमेकांना वेल्ड करून जी पेटी तयार होते, तीच गाडीचा सांगाडा. बंद गाडीत छप्परही या पेटीला ताठ ठेवायला मदत करते. उघड्या गाडीला ते छप्पर नाही. त्यामुळे दारांच्या खाली पुढून मागे जाणाऱ्या पत्र्याच्या लांब पोकळ पेट्यांवर फार मोठा भार येतो.

गंज नेमका याच पोकळ पेट्यांत धरतो. का? लोखंडाला गंजण्यासाठी पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, हे आपण शिकवतो. पण एक गंमत बऱ्याचदा सांगायची राहते. ओल्या पत्र्यावर सगळीकडे ऑक्सिजन सारखा नसेल तर तिथे एक छोटा विद्युतघट तयार होतो. जिथे ऑक्सिजन भरपूर, तो भाग ऋणाग्र बनतो. जिथे ऑक्सिजन कमी, म्हणजे चिखलाखाली, दोन पत्र्यांच्या फटीत किंवा रंगाच्या फोडाखाली, तो भाग धनाग्र बनतो आणि तिथले लोखंड विरघळू लागते. म्हणजे हवा जिथे कमी पोचते तिथेच पत्रा जास्त खाल्ला जातो. त्यात युरोपात हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे हा घट अधिक जोमाने चालतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा बरेच जास्त असते. त्यामुळे तो दोन पत्र्यांमध्ये पाचरीसारखा शिरून जोड उकलतो. बाहेरच्या रंगाला फोड दिसतो तेव्हा आतले काम पुष्कळ पुढे गेलेले असते.

म्हणून गाडी पाहायला जाणारा जाणकार इंजिन नंतर ऐकतो, आधी गुडघ्यावर बसून खालचा पत्रा पाहतो. त्याच्या खिशात एक साधे लोहचुंबक असते. गंजलेले भोक लांबी भरून बुजवले असेल आणि वर रंग मारला असेल, तर तिथे चुंबक चिकटत नाही. दुसरी कसोटी जॅकची. गाडीची एक बाजू उचलल्यावर दार आणि पत्रा यांच्यामधली फट बदलली किंवा दार अडकू लागले, तर सांगाडा वाकतो आहे असे समजावे. असा सांगाडा टकरीत माणसाला वाचवू शकत नाही.

उपाय मात्र अगदी साधा आहे. पावसाचे पाणी बाहेर जाण्यासाठी कारखान्यानेच छिद्रे आणि नळ्या ठेवलेल्या असतात. पालापाचोळ्याने त्या बुजल्या की पाणी आत तुंबते. वर्षातून दोनदा त्या मोकळ्या करणे आणि पोकळ पेट्यांत पातळ मेण फवारणे, एवढ्यावर पत्र्याचे आयुष्य कितीतरी वाढते. हे केले नाही तर पुढे पत्रा कापून नवा बसवावा लागतो. हे काम तासागणिक मजुरीचे असते आणि इंजिन बांधण्याहून महाग पडू शकते. 'इंजिन वाईट चालेल, पण पत्रा चांगला हवा,' असे जाणते मालक म्हणतात ते यामुळेच.

इंजिन : दोन धातूंचा संसार

आता इंजिनाकडे येऊ. ॲल्युमिनियम बिडाच्या मानाने बरेच हलके, आणि उष्णताही लवकर वाहून नेते. पण त्याचा एक गुण अडचणीचा आहे. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की ॲल्युमिनियमची लांबी दर दहा लाख भागांमागे सुमारे २३ भागांनी वाढते, तर बिडाची सुमारे ११ भागांनी. समजा, दोन्हींचे १०० मिलिमीटर लांबीचे तुकडे आहेत आणि इंजिन २० अंशांवरून ९० अंशांवर गेले. ॲल्युमिनियम ०.१६१ मिलिमीटरने वाढेल आणि बीड ०.०७७ मिलिमीटरने. फरक ०.०८४ मिलिमीटरचा, म्हणजे वहीच्या एका पानाच्या जाडीइतका!

एवढा फरक क्षुल्लक वाटेल. पण ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये जे पातळ गॅस्केट दाबून बसवलेले असते, त्याला एका बाजूला जळत्या वायूचा दाब, शेजारी पाणी आणि पलीकडे तेल यांना एकमेकांपासून दूर ठेवायचे असते. इंजिन तापताना आणि थंड होताना प्रत्येक वेळी दोन धातू या गॅस्केटखाली एकमेकांवर किंचित सरकतात. अल्फाच्या या इंजिनात तेलाच्या वाटांभोवती छोट्या रबरी कड्याही असतात. त्या वयाने कडक झाल्या की तेल झिरपू लागते. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, किंवा तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा सतत जमू लागला, की मेकॅनिक गॅस्केटवर संशय घेतो.

म्हणूनच थंड इंजिन एकदम जोरात फिरवायचे नाही, हा पहिला नियम. गाडी सुरू करून लगेच निघावे, पण पाणी आणि तेल दोन्ही गरम होईपर्यंत सावकाश चालवावी. तेलाला तापायला पाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हेही लक्षात ठेवायला हवे.

याच सावकाशपणाचा फायदा गिअरबॉक्सलाही होतो. गिअर बदलताना वेगवेगळ्या गतीने फिरणारी दोन दंतचक्रे जोडायची असतात. त्याआधी एक कडी घर्षणाने त्यांची गती सारखी करते. थंड तेल घट्ट असते, त्यामुळे हे काम नीट होत नाही. या गाड्यांची दुसऱ्या गिअरची कडी लवकर झिजते, ही सर्वांना माहीत असलेली तक्रार आहे. गाडी तापेपर्यंत दुसरा गिअर हलक्या हाताने, क्षणभर थांबून टाकणे हाच तिच्यावरचा खरा इलाज.

या इंजिनात आणखी एक विज्ञानाची करामत आहे. जळालेला वायू बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह फार तापतात. अल्फाने ते आतून पोकळ करून त्यांत थोडे सोडियम भरले. सोडियम सुमारे ९८ अंशांना वितळते. इंजिन चालू असताना हे द्रव सोडियम व्हॉल्व्हच्या पोकळीत वरखाली हिंदकळते आणि तापलेल्या टोकाकडची उष्णता दांडीकडे नेते. तिथून ती हेडमधून पाण्यात जाते. सोडियमचा तुकडा पाण्यात टाकल्यावर काय होते, हे प्रयोगशाळेत पाहिलेल्या विद्यार्थ्याला पुढचे सांगायला नको. असा जुना व्हॉल्व्ह कधीही कापू वा फोडू नये.

एक लिटर पेट्रोल, एक लिटर पाणी

बरेच लोक उभ्या गाडीची काळजी म्हणून आठवड्यातून एकदा ती पाच मिनिटे सुरू करतात आणि बंद करतात. हेतू चांगला, पण परिणाम उलटा. तो का, हे रासायनिक समीकरणावरून कळते.

पेट्रोलच्या जागी ऑक्टेन घेऊ. ऑक्टेनचे दोन रेणू जळताना ऑक्सिजनचे पंचवीस रेणू लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचे सोळा व पाण्याचे अठरा रेणू तयार होतात. वजनाचा हिशेब केला तर २२८ ग्रॅम ऑक्टेनपासून ३२४ ग्रॅम पाणी मिळते. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण ७४० ग्रॅम. म्हणजे एक लिटर पेट्रोल जाळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते! हायड्रोजन पेट्रोलमधला आणि ऑक्सिजन हवेतला, म्हणून हा आकडा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खोटा वाटतो.

इंजिन पुरेसे तापलेले असेल तर हे पाणी वाफ होऊन नळीतून निघून जाते. पाच मिनिटांत मात्र सायलेन्सर नीट तापतच नाही. वाफ आतच थंड होते, पाणी साचते आणि सायलेन्सर आतून गंजतो. काही वाफ पिस्टनच्या कडेने खाली तेलात उतरते. ज्वलनातून आलेली आम्ले तिच्यात मिसळतात आणि बेअरिंगांना खाऊ लागतात. म्हणून नियम असा : गाडी सुरू करायची तर अर्धा-पाऊण तास फिरवून आणावी, नाहीतर सुरूच करू नये. आणि किलोमीटर कितीही कमी झाले असले तरी तेल वर्षातून एकदा बदलावे.

हिवाळ्यात गाडी बंद ठेवणारे युरोपातले मालक याच तत्त्वाने वागतात. शेवटची फेरी लांबची मारायची. ताजे तेल भरायचे. पेट्रोलची टाकी पूर्ण भरून ठेवायची, म्हणजे टाकीत हवा कमी उरते आणि हवेतले बाष्प आतल्या पत्र्यावर गोठत नाही. रेडिएटरच्या पाण्यात ग्लायकॉल आणि गंजविरोधी रसायने योग्य प्रमाणात असावीत. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. शिवाय ॲल्युमिनियम, बीड आणि रेडिएटरचे तांबे-पितळ एकाच पाण्यात बुडालेले असले की तोही एक विद्युतघटच! गंजविरोधी रसायने हळूहळू संपतात, म्हणून हे मिश्रण दर दोन वर्षांनी बदलायचे.

ठिणगी आणि हवा

आजच्या मोटारीत ठिणगीची वेळ आणि पेट्रोलचे माप संगणक ठरवतो. १९७४ च्या युरोपातल्या स्पायडरमध्ये ते काम एका चिमुकल्या यांत्रिक कळीकडे आणि दोन कार्ब्युरेटरांकडे होते. (अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांना यांत्रिक इंधन पंप होता. तो प्रकार वेगळा.)

कळीचे नाव आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे : पॉइंट. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाईल्सने बनवलेली पद्मिनी ही मुळात इटलीच्या फियाट ११०० ची आवृत्ती, आणि मुंबईचे टॅक्सीवाले तिचे पॉइंट पॉलिश कागदाने घासून साफ करत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. अल्फा रोमिओ ही कंपनीही १९८६ साली फियाटच्या ताब्यात गेली. गाड्या निराळ्या, पण तत्त्व तेच. पॉइंट जोडलेले असताना कॉइलमधून बॅटरीचा प्रवाह वाहतो. ते अचानक सुटले की कॉइलमधले चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगमध्ये ठिणगी पडते. फॅरेडेचा नियम तो हाच.

हे काम किती वेळा होते? चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांमागे एक ठिणगी लागते. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर चार सिलिंडरांसाठी मिनिटाला १२,००० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला २००. तेवढ्याच वेळा पॉइंट उघडतात आणि मिटतात. त्यांची टोके खड्ड्याखड्ड्यांची होतात, फट बदलते आणि ठिणगीची वेळ सरकते. ही मात्र खरी झीज. गाडी चालली तरच होणारी, आणि पातळ पट्टीने फट मोजून थोड्या वेळात सुधारता येणारी.

कार्ब्युरेटरही तसाच. नळीचा मधला भाग अरुंद केला की तिथे हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. या कमी दाबामुळे पेट्रोल आपोआप वर खेचले जाऊन हवेत मिसळते. स्पायडरच्या दोन कार्ब्युरेटरांना दोन-दोन नळ्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतःची एक. चारही नळ्यांतून सारखीच हवा जायला हवी, नाहीतर इंजिन अडखळते. जुने मेकॅनिक हे कानाने जुळवत. रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून सूं असा आवाज चारही ठिकाणी सारखा येतो का, ते ऐकत. आता यासाठी हवा मोजणारे छोटे उपकरण मिळते, पण कानाची पद्धत अजून गेलेली नाही.

जिवाशी खेळ : रबर आणि ब्रेक ऑइल

इथवरची दुखणी खिशाला जड. आता जी दोन सांगायची आहेत ती जिवाला धोकादायक.

पहिले, रबर. रबरातल्या लांब साखळ्या गंधकाने एकमेकींना बांधलेल्या असतात. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन या साखळ्या तोडतात किंवा नको तिथे जोडतात. रबर कडक होते आणि त्याला बारीक भेगा पडतात. टायरवरची नक्षी नव्यासारखी खोल असली तरी टायर म्हातारा असू शकतो. २००० सालापासून टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दहा वर्षांपलीकडचा टायर नक्षी कितीही असली तरी काढून टाकावा, असा सर्वसाधारण सल्ला आहे.

पेट्रोलच्या रबरी नळ्यांचे याहून कठीण. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळतात. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आले. आपल्याकडे हे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. पन्नास वर्षांपूर्वीचे रबर इथेनॉलचा विचार करून बनवलेले नव्हते. ते फुगते, मऊ पडते किंवा चिरते. कार्ब्युरेटरच्या शेजारी तापलेली नळी आणि वर गळते पेट्रोल, असा योग आला तर सगळी गाडी काही मिनिटांत जळून जाऊ शकते. म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या बसवणे, हे जुनी गाडी घेतल्यावरचे पहिले काम.

दुसरे, ब्रेक ऑइल. नाव तेल असले तरी हे तेल नव्हे, ग्लायकॉल वर्गातले द्रव आहे. ते हवेतले पाणी शोषून घेते, अगदी बंद नळ्यांमधूनही. 'डॉट ४' या प्रतीचे ताजे द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे मानक आहे. त्यात वजनाच्या साधारण पावणेचार टक्के पाणी शिरल्यावर हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. आता घाटाचा लांब उतार डोळ्यांसमोर आणा. ब्रेकच्या तबकड्या तापतात, उष्णता द्रवापर्यंत पोचते आणि ते उकळून वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबले जात नाही, म्हणूनच पास्कलचा नियम ब्रेकमध्ये वापरता येतो. वाफ मात्र दाबली जाते. पेडल तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. उतार सुरू होईपर्यंत ब्रेक उत्तम लागत होते, हे यातले फसवे. म्हणून हे द्रव दर दोन वर्षांनी बदलायचे, गाडी एक किलोमीटर चालली असो वा दहा हजार.

ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांपेक्षा जुन्या, मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे. म्हणजे तिथे सरकारी तपासनीस जे पाहत असे ते आता मालकाने स्वतः पाहायचे. सूट मिळाली ती कागदाला, रसायनशास्त्राने काही सूट दिलेली नाही.

भाग बदलले तरी गाडी तीच?

'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला त्याच्या रथाबद्दल विचारतो. आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? यांपैकी काहीच एकटे रथ नव्हे, तर मग रथ म्हणजे काय? जुन्या गाडीच्या मालकापुढे हाच प्रश्न पैशांच्या रूपात उभा राहतो. नळ्या, टायर, गॅस्केट, पत्र्याचे तुकडे बदलत गेले तर उरले काय?

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, २०१२ मध्ये 'तुरिनची सनद' स्वीकारली. तिचा सारांश असा : जे मूळचे टिकवता येईल ते टिकवावे. बदलावे लागलेच तर कमीत कमी, पुन्हा मागे फिरवता येईल असे आणि नोंद ठेवून बदलावे. इतिहासाच्या जुन्या कागदांना आणि वास्तूंना आपण जो न्याय लावतो तोच इथे लावला आहे. मात्र ब्रेक ऑइल, टायर आणि पेट्रोलच्या नळ्या यांच्या बाबतीत जुनेपणाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. ते भाग बदलण्यासाठीच असतात.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या गाडीच्या धुरातले विषारी वायू शुद्ध करणारे उत्प्रेरक यंत्र तिच्यात नाही. दर किलोमीटरमागे ती आजच्या मोटारीपेक्षा कितीतरी जास्त कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन सोडते. तिच्या जन्मगावी, मिलानमध्येच, २०१९ पासून शहराच्या मोठ्या भागात जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवर बंधने आहेत. रोज कामावर जाण्यासाठी ही गाडी नव्हे. महिन्यातून एक-दोन लांब फेऱ्या, एवढेच तिचे आजचे काम. आणि वर पाहिल्याप्रमाणे तिच्या प्रकृतीला तेवढेच मानवते.

कोड्याचे उत्तर

आता पुन्हा त्या दोन गाड्यांकडे वळू. दोन लाख किलोमीटर चाललेलीची झीज पुष्कळ झाली, पण दर वर्षी ती भरून काढली गेली. तेल, पाणी, ब्रेक ऑइल वेळेवर बदलले, इंजिन नीट तापत राहिले, गळती लागली तेव्हा कोणाच्या तरी नजरेस पडली. वीस वर्षे उभ्या असलेलीची झीज थांबली, पण जीर्णता एक दिवसही थांबली नाही. तिचे टायर, नळ्या, सील, ब्रेकचे सिलिंडर, टाकी, सायलेन्सर हे सर्व संशयास्पद. ती कवडीमोलाची झाली असे नाही. पण हे सारे बदलण्याचा खर्च तिच्या किमतीत मिळवला पाहिजे, आणि तोवर ती रस्त्यावर आणता कामा नये. किंमत सारखी असेल आणि पहिलीचा पत्रा चुंबकाच्या व जॅकच्या कसोटीला उतरला असेल, तर पहिली घ्यावी.

वर्गात काय करता येईल?

इटालियन गाडी शाळेत आणण्याची गरज नाही. लोखंडाची घासलेली पट्टी घेऊन तिच्यावर मिठाच्या पाण्याचा एक मोठा थेंब ठेवा. त्यात आधी फिनॉल्फ्थॅलिन आणि पोटॅशियम फेरिसायनाइडचे कणभर द्रावण मिसळलेले असू द्या. हे रसायन शिक्षकांनीच हाताळावे आणि आम्लाजवळ नेऊ नये. थोड्या वेळाने कडेला गुलाबी आणि मध्यभागी निळा रंग दिसू लागेल. निळा रंग म्हणजे लोखंड विरघळते आहे ती जागा, जिथे ऑक्सिजन कमी आहे ती. ऑक्टेनच्या ज्वलनाचा हिशेब आणि ०.०८४ मिलिमीटरचे गणित मुलांकडून करून घ्यावे.

शेवटचा प्रयोग शाळेच्या फाटकापाशीच होईल. शाळेची बस आणि शिक्षकांच्या दुचाकी यांच्या टायरांवरची चार आकडी खूण विद्यार्थ्यांना शोधायला सांगा आणि प्रत्येक टायरचे वय वहीत लिहून घ्या. ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले, हेही चालकाला विचारा. मुले शाळेत येतात-जातात ती याच गाड्यांतून, तेव्हा यादीत दहा वर्षांपलीकडचा टायर निघाला तर ती यादी वहीत न ठेवता मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवावी.